कागदावर तीन वाजले होते

मी जन्माची भित्री. वाडीत कुठे जनावर निघालं की माझ्या वयाची पोरं काठ्या घेऊन तिकडे धावत आणि मी चुलीमागच्या कोनाड्यात. विजेची भीती, विहिरीची भीती, परीक्षेची भीती, आणि या सगळ्यांच्या वर आईची. आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर हे लिहायला बसले तरी भिण्याची सवय गेलेली नाही, फक्त मी ती लपवायला शिकले. माझ्या हाताखालची मुलं मला फार काटेकोर म्हणतात. त्यांना कुठून कळणार की मी काटेकोर नाही, भेदरलेली आहे. ही भीती कुठल्या दुपारी हाडात शिरली ते मात्र मला नेमकं ठाऊक आहे, आणि ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं घर रत्नागिरीच्या बाहेर मिऱ्याच्या बाजूला, वाडीच्या अगदी टोकाला. मागे आठ माड, मग सुरूची झाडं, मग वाळू. डाव्या हाताला खडप. खडप म्हणजे किनाऱ्यालगतचा काळा खडक, ओहोटीला उघडा पडणारा आणि भरतीला बुडणारा. आमच्याकडे दोन होती, धाकटं खडप किनाऱ्याला चिकटलेलं, आणि त्याच्या पुढे पन्नास-साठ पावलांचा चर ओलांडून थोरलं. थोरल्यावर कालवं भरपूर. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण ते कुणी बघत नसे. आई भाकरी थापता थापता हात थांबवायची, कान द्यायची आणि म्हणायची, "पानी सरतंय आता." तेवढ्यावर दिवस ठरायचा. मला त्या आवाजात कधीच काही कळलं नाही. मला तो सारखाच वाटायचा, आणि रात्री जास्त जवळ आल्यासारखा.

बाबांची रीत वेगळी होती. ते तांडेल होते, बोटीवरचे मुख्य, पण मला समुद्र त्यांनी पडवीत बसून शिकवला. अंगठ्याने बोटांची पेरं मोजायची आणि तिथीचा पाऊणपट करायचा, की भरतीची वेळ मिळते. त्यात सहा मिळवले की ओहोटी. अष्टमीचे आठ, पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पाणी भरलेलं आणि बाराला सरलेलं. कोकणात हा हिशोब बहुतेकांना येतो, त्यात आमचं कौतुक नाही. बाबांचे जोडीदार हसनचाचा खालच्या मोहल्ल्यात राहायचे, ते चांदाच्या तारखेवर मोजायचे. दोघांच्या मोजणीत एखाद्या दिवसाचा फरक पडायचा आणि त्यावरून दोघं चहाचे पेले हातात धरून तासभर भांडायचे. बाबा तापाने गेले तेव्हा चाचा आमच्या पडवीत तीन दिवस बसून होते.

बाबांनंतर घरात आम्ही तिघी. आई, मी, आणि मंगलवहिनी. दादा मुंबईला, गणपती, शिमगा आणि दिवाळीला येणार. वहिनी अलोऱ्याची. तिचे वडील कोयना प्रकल्पावर, त्यामुळे ती वाढली कॉलनीत, नळ, दिवाबत्ती आणि डांबरी रस्त्यात. लग्नाला दीड वर्ष झालं होतं तरी ती वाळूत चप्पल घालून चालायची. आई तिला टाकून बोलायची असं नाही, पण शेजारणी जमल्या की हटकून म्हणायची, "अलोऱ्याची ती. तिला नळाचं पानी तेवढं कळतं." बायका हसायच्या. वहिनीही हसायची आणि आत जाऊन भांडी जरा जोरात घासायची.

खरी अडचण कालवांची होती. आई कालवांना निघायची ती कान देऊन. मनात आलं की कोयती आणि रोवळी उचलायची आणि म्हणायची, "चल गो." तेव्हा वहिनीच्या हातात पीठ असायचं, चुलीवर भात असायचा, आणि ती धावत मागून जाईपर्यंत आई थोरल्या खडपावर पोचलेली. मग तिथे उशीर केलास, घाई केलीस, कालव फोडताना अर्धं आत ठेवलंस, हे सगळं ऐकून घ्यायचं. घरी आल्यावर आई कालवांचं सुकं करायची, कांदा परतून, आमसूल टाकून, वर खोबरं. तांदळाच्या भाकरीबरोबर ते खाताना मी दोन्ही बाजूंनी गप्प राहायचे. एके दिवशी वहिनी मला विहिरीवर म्हणाली, "वंदू, आदल्या दिवशी वेळ कळली ना, तर मी सगळं आधी उरकून ठेवीन. मला तो तुमचा पाऊणपट जमत नाही. तू देशील लिहून?" मी देईन म्हटलं. वहिनीने मागितलेली ती पहिली गोष्ट.

मी तेव्हा बी.ए. होऊन घरात बसले होते आणि आईने शिमग्यापर्यंतची मुदत देऊन मला शहरात कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं होतं. शिमग्यानंतर स्थळं बघायची. क्लास औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. चपला बाहेर काढायच्या, कारण धुळीने यंत्र बिघडतं असं तेव्हा पक्कं ठरलेलं होतं. तीन यंत्रं आणि अकरा मुलं, त्यामुळे पाळी लावून बसायचं. मगदूम सर सांगलीकडचे, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे. समुद्र बघितला की त्यांना अजून फोटो काढावासा वाटायचा. पहिले दोन महिने मी कीबोर्डच्या कळा अशा दाबत होते, जशी काही तव्यावरची भाकरी बोटाने उलटतेय. सर म्हणायचे, "अगं, चावत नाही ते." मला खात्री नव्हती.

मग जावास्क्रिप्ट आलं. वेबपानाला अक्कल देणारी भाषा, असं सर म्हणाले. मला पहिल्यांदा सुचला तो बाबांचा हिशोब. सुरुवातीला अगदी साधं लिहिलं. एका ओळीत तिथी, दुसऱ्या ओळीत तिच्या पाऊणपट भरती, खाली त्यात सहा मिळवून ओहोटी. पानावर वेळ उमटली तेव्हा मी मागे बघितलं, कुणी बघतंय का म्हणून. प्रिंटर कुरकुरत तो कागद बाहेर टाकायचा आणि सर त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. कागद घरी आला की वहिनी तो घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवायची. दोन-तीनदा ती आईच्या आधी तयार होऊन पडवीत उभी राहिली. आईने तिच्याकडे बघितलं आणि चालू लागली. वहिनी दिवसभर गुणगुणत होती.

वसुबारसेला, दिवाळीची सुटी लागायच्या दिवशी, सरांनी ऑब्जेक्ट शिकवलं. एका गोष्टीची सगळी माहिती एका महिरपी कंसात एकत्र ठेवायची, सुटी सुटी सांडू द्यायची नाही. मला ते फारच पटलं, आमच्या घरात मिठाचं आणि मसाल्याचं असंच असतं. मी 'दिवस' नावाचं ऑब्जेक्ट केलं. त्यात तिथी बारा, त्या दिवशी द्वादशीच होती. पुढे भरती, आणि तिच्यासमोर लिहिलं, धिस डॉट तिथी गुणिले पाऊण. धिस म्हणजे हे, स्वतःचं. आठवड्यापूर्वी सरांनी एका फंक्शनच्या, म्हणजे नाव दिलेल्या हिशोबाच्या, पोटात ते वापरून दाखवलं होतं, तिथून मी उचललं. जो दिवस मी लिहीत होते त्याने आपलीच तिथी बघावी आणि आपली भरती काढावी, यात मला काहीच वावगं वाटलं नाही. पान उघडलं, भरती सकाळी नऊ, ओहोटी दुपारी तीन. मी पेरांवर मोजून बघितलं, बरोबर. वरच्या जुन्या ओळी, ज्यात तिथी बारा आणि भरती सुट्या लिहिलेल्या होत्या, त्या मी तशाच ठेवल्या. पुसायची भीती वाटली. चालत्या गोष्टीतलं काही काढलं आणि सगळंच बंद पडलं तर, अशी. भित्र्या माणसाच्या हातून चुका होत नाहीत असं लोकांना वाटतं. माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक भीतीमुळेच झाली.

दिवाळी आली तशी गेली. पहाटे अंगणात कारीट फोडलं, गूळपोहे झाले, काळ्या वाटाण्यांची उसळ झाली, दादा आला आणि पाडव्याला गेलासुद्धा. भाऊबीजेला आई राजापूरला मामाकडे गेली ती चतुर्थीला संध्याकाळच्या एसटीने परत येणार होती. तृतीयेला क्लास उघडला. मला घाई होती, लाइट जायची वेळ जवळ येत होती. फ्लॉपीतून माझं पान काढलं, कंसातल्या बाराच्या जागी उद्याचे चार लिहिले आणि छापलं. भरती सकाळी नऊ, ओहोटी दुपारी तीन. मी वाचलंसुद्धा. पेरांवर मोजलं नाही. यंत्राने सांगितल्यावर पुन्हा बोटं मोजणं मला गावंढळपणाचं वाटू लागलं होतं.

वहिनीने कागद हातात घेतला आणि म्हणाली, "उद्या तीनला? मग मी बाराला निघते, सावकाश जाते. आई यायच्या आत सुकं तयार. एकदा तरी माझ्या हातची कालवं त्यांना खाऊ घालायची आहेत, मी एकटीनं आणलेली." विनायकीचा उपास आमच्याकडे कुणी करत नसे, आणि आठवडाभर दिवाळीचं गोडधोड खाऊन सगळ्यांची तोंडं मासळीला वखवखलेली. मला तिचा बेत आवडला. आईचा चेहरा कसा होईल ते आम्ही दोघींनी करून बघितलं आणि हसलो.

दुसऱ्या दिवशी दहाच्या बसला मी थांब्यावर उभी होते. तिथून समुद्र सगळा दिसतो. थोरलं खडप पार मुळापर्यंत उघडं पडलेलं होतं, त्यावरचं शेवाळ उन्हात चमकत होतं आणि चरात घोट्याएवढंही पाणी नव्हतं. मी ते बघितलं. डोळ्यांनी बघितलं, आणि आज किती छान उघडं पडलंय असं मनात म्हणून बसमध्ये चढले. ते खडप मला अजून दिसतं.

क्लासमध्ये माझी पाळी आली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. म्हटलं, उद्याचंही काढून ठेवावं. कंसात चारच्या जागी पाच लिहिले. पानावर आलं, ओहोटी दुपारी तीन. मला वाटलं, पान ताजं झालेलं नाही. पुन्हा उघडलं. तीन. मग आठ लिहिले. तीन. पंधरा लिहिले, पौर्णिमेचे. तीनच. टेबलाखाली हात घेऊन मी अंगठा पेरांवर ठेवला. चतुर्थीचे चार, पाऊणपट तीन. तीनला भरती. ओहोटी नव्हे, भरती. ओहोटी सकाळी नऊला होऊन गेली, आणि ती मी थांब्यावर उभी राहून बघितली होती. घड्याळात पाऊण वाजला होता आणि वहिनी बाराला निघणार होती.

मी सरांना हाक मारली. ते वाकून बघू लागले. वरच्या जुन्या ओळींवर त्यांचं बोट थांबलं. "या कशाला ठेवल्यास?" त्यांनी त्या पुसल्या आणि पान उघडलं. वेळेच्या जागी नॅन अशी अक्षरं आली. "नॅन म्हणजे हा आकडाच नाही. बघ, कंस पुरा होईपर्यंत हा दिवस जन्मालाच आलेला नाही. जे अजून नाही, त्याला तू त्याची तिथी विचारतीयेस. मग धिस जातं बाहेर, आख्ख्या पानाकडं. पानावर तुझी जुनी तिथी पडलीच होती, बारा. तीच उचलली त्यानं." ते छान समजावत होते, त्यांना त्यातली गंमत वाटत होती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय झालंय?"

मी सांगितलं. किती सांगितलं ते आठवत नाही. वाडीतल्या दुकानाचा एक फोन होता, तो सरांनी लावला. वाजत राहिला. दुपारी दुकान बंद. सरांनी किल्ली घेतली, बाकीच्या मुलांना काही न सांगता खाली उतरले आणि स्कूटर काढली. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, "किती वेळ आहे आपल्याकडं?" मला मोजता येईना. चार वर्षांच्या पोरीलाही जमेल असा हिशोब, आणि माझी बोटं सीटमागच्या दांडीला चिकटलेली. वास येत होता सुकत घातलेल्या मासळीचा, डावीकडे भिंतीआडून पाणी दिसत होतं, आणि ते इतकं शांत, इतकं भरदार वर आलेलं होतं की मला रडूही येईना. मला फक्त वहिनीची वाळूतली चप्पल डोळ्यांसमोर येत होती. तिला पोहता येत नव्हतं.

घरात कुणी नव्हतं. भाकऱ्या फडक्याखाली झाकलेल्या, कांदा चिरून ताटलीत, खोबरं खवलेलं, आमसुलं वाटीत भिजत घातलेली. चूल सारवून ठेवली होती. सगळं उरकून ठेवलेलं होतं, म्हणाली होती तसंच. मी ती ताटली बघितली आणि पळत सुटले.

धाकटं खडप अर्धं पाण्यात गेलं होतं. चराचं पाणी आता गळ्याच्या वर असावं, आत ओढ होती, फेस एकाच दिशेने पळत होता. आणि पलीकडे थोरल्यावर, उंचवट्यावर, आमच्याकडे पाठ करून वहिनी बसली होती. कालवं फोडत होती. मला वाटलं होतं ती ओरडत असेल, हात हलवत असेल. तसं काही नव्हतं. पदर कमरेला खोचलेला, मान खाली, कोयतीचा हात वर जातोय, खाली येतोय. तिच्या दोन्ही बाजूंनी पाणी चढत होतं आणि ती मन लावून काम करत होती. मी ओरडले, सर ओरडले. लाटांच्या आवाजात काही पोचेना. शेवटी तिने कंबर ताठ करायला म्हणून मान वळवली, मला बघितलं, आणि हसून रोवळी उचलून दाखवली. भरली होती.

एवढं भ्यायलेली मी त्याआधी कधी नव्हते, त्यानंतरही नाही.

हसनचाचा सुरूच्या झाडाखाली जाळं सांधत बसलेले. त्यांच्याकडे गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, नेण्याची एक लहान होडी होती. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी खडपाकडे बघितलं आणि उठले. होडी ढकलताना सरही पँट भिजवून पाण्यात शिरले, आणि चाचांनी त्यांना एका हाताने मागे लोटलं. "तुमी थांबा मास्तर. एकाच्या जागी दोन नको." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज तिसरा चांद. पानी आता भरतंय. तिला कोनी सांगितलान जायला?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

हे दोन शब्द मी म्हटले. सर माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी ऐकले. तेव्हा मला काय वाटलं ते मी आज नीट सांगू शकते, कारण त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटलं, आईला कळेल, क्लास बंद होईल. वहिनी पाण्यात उभी असताना मला क्लास आठवला.

होडी चर ओलांडून गेली, पण खडपाला लागेना. लाट आली की ती खडकावर आपटायची. तोवर वहिनीला कळलं होतं. ती उठून उभी राहिली आणि जागच्या जागी फिरू लागली, पाऊल टाकायला कोरडी जागा शोधत. एक लाट तिच्या गुडघ्यांवरून गेली. चाचा ओरडत होते, "रोवळी टाक. टाक गो रोवळी, दोनी हात दे." ती टाकत नव्हती. छातीशी धरून उभी होती. पुढची लाट कमरेपर्यंत आली, तिचा पाय सुटला, ती बसली, पुन्हा उठली, तरी रोवळी हातात. मग चाचांनी आवाज खाली आणला. काय म्हणाले ते किनाऱ्यावर ऐकू आलं नाही. वहिनीने रोवळी सोडली. ती उलटी झाली, पाण्यावर क्षणभर फिरली आणि गेली. चाचांनी वहिनीचे दोन्ही दंड धरून तिला मासा ओढतात तशी होडीच्या काठावरून आत घेतली. तिचा गुडघा खडकाने सोलला होता. होडी परत वाळूला लागेपर्यंत थोरल्या खडपाचा फक्त उंचवटा उरला होता, आणि अजून तीन वाजायला वेळ होता.

वहिनी वाळूवर बसली. दात वाजत होते. तिने ब्लाऊजमधून कागद काढला, तो तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेला होता, भिजू नये म्हणून. उघडून माझ्यासमोर धरला. रागाने नव्हे, मला समजावून सांगावं तसं म्हणाली, "मी पाहिलं गं पाणी वाढताना. दोन-तीनदा पाहिलं. पण यावर तीन लिहिलंय ना. मला वाटलं, पाणीच चुकतंय."

मी कागद घेतला आणि मुठीत चुरगळला. तिने ते बघितलं. चूक कागदाची होती आणि ती मी लपवणार, हे तिला तेव्हाच कळलं असावं.

संध्याकाळी आई आली. चाचांकडून वाटेतच समजलं होतं. पिशवी खाली न ठेवता तिने वहिनीचा गुडघा बघितला, हळद आणायला मला सांगितलं, आणि मग बोलायला लागली ती थांबेना. बोलताना तिचा आवाज कापत होता, हे मला आज कळतं, तेव्हा फक्त शब्द कळत होते. "पान्याची अक्कल नाय तर जायचं कशाला एकटीनं? कोनाला विचारलंस? मी पोराला काय तोंड दाखवलं असतं?" मी दारात हळदीची वाटी घेऊन उभी. वहिनी म्हणाली, "माझंच चुकलं, आई. मोजायला चुकले." आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या रात्री चिरलेला कांदा कुळथाच्या पिठीत गेला. कुणी जेवलं नाही. आई पुढे वीस वर्षं जगली. त्यातली कितीतरी वर्षं तिने हा किस्सा पाहुण्यांना सांगितला, अलोऱ्याच्या सुनेने कसा पाऊणपट चुकवला तो, आणि दर वेळी वहिनी हसली आणि मी चहा ओतत राहिले. मी सांगू शकले असते. आई गेली त्या दिवसापर्यंत रोज सांगू शकले असते.

क्लासला मी आठवडाभर गेले नाही. गेले तेव्हा सरांनी खोटं बोलण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त वही पुढे केली आणि म्हणाले, "आधी पंधराही तिथ्या हातानं काढ. मग पान लिही. मग दोन्ही शेजारी ठेवून जुळव." मी काढल्या. मग त्यांनी दाखवलं, कंस आधी पुरा करायचा, दिवस आधी पुरता होऊ द्यायचा, आणि मग पुढच्या ओळीत त्याला नावाने हाक मारून त्याची तिथी विचारायची. किंवा भरतीच्या जागी फंक्शन ठेवायचं, म्हणजे कुणी विचारेल तेव्हाच हिशोब होतो, आणि तोवर दिवस अस्तित्वात आलेला असतो. आता त्यासाठी आणखी सोप्या रीती आल्या आहेत. मी मुलांना त्या शिकवते आणि मग पंधराही तिथ्या हाताने काढायला लावते. मुलं आपसात हसतात. हसू देत.

शिमगा आला, स्थळं आली, गेली, मी पुण्याला नोकरीला लागले. वहिनी वाडीतच राहिली. आता तिच्याइतका थोरल्या खडपाचा माहीतगार वाडीत कुणी नाही. आईसारखीच ती भाकरी थापताना हात थांबवते आणि कान देते. पाऊणपट तर तिच्या लेकीलाही येतो. तरी कालवांना जायच्या आदल्या दिवशी तिचा मला फोन येतो, "वंदू, उद्या किती वाजता गो?" मी समोरच्या यंत्राला विचारत नाही. अंगठा पेरांवर ठेवते, तीनदा मोजते आणि सांगते. मग दुसऱ्या दिवशी ती वेळ टळेपर्यंत माझं ऑफिसात लक्ष लागत नाही. एकदा न राहवून मी तिला विचारलं, तुला येतं, तर मला का विचारतेस, त्या दिवसानंतर तर मला विचारायलाच नको. ती म्हणाली, "माझं मी मोजलं, तर मी परत येईपर्यंत जीव मुठीत धरून कोण बसेल?"

काल चतुर्थी होती. मी तिला सकाळचे नऊ सांगितले होते. साडेदहाला फोन वाजला. "आले गं," ती म्हणाली, "रोवळी भरून आणली." मग कुठे मी समोरचं काम उघडलं.